न्हाणारी स्त्री आणि आपली नजर

सोळाव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये जांबोलोन्या नावाचा शिल्पकार होता. न्हाणाऱ्या स्त्रीच्या लहानशा ब्राँझमूर्ती तो अशा घडवी, की हातात घेऊन चहूबाजूंनी पाहाव्यात. त्याची छोटी शिल्पं तिथले मेदिची राज्यकर्ते इतर राजांना भेट म्हणून पाठवत. आज अशी मूर्ती मुंबईच्या कस्टममध्ये आली, तर सुटेल का?

शंका उगाच नाही. परदेशी लिलावात घेतलेली सात चित्रं २०२३ मध्ये मुंबई कस्टमने अश्लील म्हणून अडवली. चार गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझांची, तीन अकबर पदमसींची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा आदेश रद्द केला. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं, हे न्यायालयाला सांगावं लागलं. खोजा मुस्लिम कुटुंबातल्या पदमसींना १९५४ मध्येही जहांगीर कलादालनातल्या चित्रांवरून खटल्याला सामोरं जावं लागलं होतं. तेव्हाही ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी तोच आरोप, आणि उत्तर द्यायला चित्रकार हयात नाही.

अशा वेळी आपल्या समाजात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आपल्याला काय, आपल्या धर्मात चित्रच नाही.’ हे इतिहासाला धरून नाही. जॉर्डनच्या वाळवंटात कुसैर अमरा हे आठव्या शतकातलं उमय्यांचं हमामगृह आहे. त्याच्या भिंतींवर न्हाणाऱ्या स्त्रिया रंगवलेल्या आहेत. १९८५ पासून ते जागतिक वारसा आहे. ती चित्रं म्हणजे शरियतचा दाखला नव्हे, हे खरं. पण मुस्लिम संस्कृतीत हेही होतं, हे नाकारता येत नाही.

धर्माला प्रमाण मानणाऱ्यांनी सूरह नूर जरूर वाचावी. नजर खाली ठेवण्याचा हुकूम तिथे आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना नंतर. म्हणजे पहिली जबाबदारी पाहणाऱ्याची. ज्याला पाहायचं नाही, त्याने पाहू नये. त्यासाठी कस्टमच्या शिक्क्याची गरज नाही.

आमच्या सावंगी (मेघे)च्या वैद्यकीय महाविद्यालयात हिजाब घालणाऱ्या मुलीही शरीररचना शिकतात. कुणाचा ईमान डळमळत नाही. शरीर तेच, फरक नजरेचा आणि हेतूचा.

आणि एक साधा हिशेब. आज नग्न चित्र ‘भावना दुखावतं’ म्हणून जप्त होताना आपण गप्प बसलो, तर उद्या त्याच कारणाने आपलं पुस्तक, आपली कव्वाली, आपला पेहराव अडवला जाईल. तेव्हा स्वातंत्र्याची भाषा कोणत्या तोंडाने बोलणार? चित्र आवडो न आवडो, पदमसींच्या बाजूने उभं राहणं आपल्याच हिताचं आहे.