पेशींचा जमाखर्च

अहिल्यानगरच्या दाळमंडईत पोते उघडले की अनुभवी व्यापारी मूठभर हरभरा तळहातावर घेतो आणि दाण्याचा आकार, ओल व कीड पाहून भाव सांगतो. त्या प्रत्येक दाण्यात एक अंकुर दडलेला असतो आणि अंकुराच्या पेशीपेशीत डीएनए व आरएनए ही न्यूक्लिक आम्ले असतात. म्हणजे डाळ-भाकरी जेवणारा प्रत्येक जण ही आम्ले रोजच सेवन करतो.

तरीही एखाद्या घरातील आजोबा थकू लागले, त्यांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या की कोणीतरी प्रतिकारशक्तीसाठी न्यूक्लिओटाइडची महागडी पूड सुचवतो. तिच्यावर पैसे घालण्यापूर्वी शरीराचा जमाखर्च एकदा मांडून पाहणे उचित ठरेल.

अन्नातील डीएनए जसाच्या तसा मनुष्याच्या डीएनएत मिसळत नाही. स्वादुपिंडाचे पाचक रस आणि लहान आतडे त्याचे बारीक तुकडे करतात. त्यांतील काही अंश आतड्याच्या पेशी वापरतात आणि उरलेल्याची विल्हेवाट लागते. त्यांपैकी प्यूरीन गटातील द्रव्यांपासून यूरिक आम्ल तयार होते. शरीराला लागणारी न्यूक्लिक आम्ले मुख्यतः शरीरातच घडतात. जुना दागिना मोडून त्याच सोन्याचा नवा घडवावा, तसे जुन्या पेशींचे घटक पुन्हा वापरले जातात. उरलेली गरज प्रथिने व शर्करा यांपासून भागवली जाते.

प्रतिकारशक्तीशी या आम्लांचा संबंध खरा आहे. जंतूंचा हल्ला होताच पांढऱ्या पेशींची संख्या झपाट्याने वाढते. आतड्याचे अस्तरही काही दिवसांतच नवे होते. प्रत्येक नव्या पेशीसाठी डीएनएची नवी प्रत लागते. मातेच्या दुधात न्यूक्लिओटाइड निसर्गतःच असतात. त्याचेच अनुकरण म्हणून शिशुआहाराच्या भुकटीत ते मिसळले जातात. मात्र नीट जेवणाऱ्या निरोगी प्रौढाला ते वेगळे विकत घ्यावे लागतात, असे सिद्ध झालेले नाही.

मग उणीव कोठे संभवते? कच्चा माल भरपूर असूनही कारागीर नसेल तर दागिना घडत नाही. डीएनए घडवणारे दोन अपरिहार्य कारागीर म्हणजे फोलेट आणि जीवनसत्त्व बी-१२. यांतील पहिल्याचा शोध महाराष्ट्राशी निगडित आहे. इंग्रज संशोधिका ल्युसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या. गिरणगावातील गरोदर कामगार स्त्रियांना जडणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. या रोगात डीएनए पुरेसा न घडल्याने तांबड्या पेशी वेळेवर विभागत नाहीत; त्या आकाराने मोठ्या, पण संख्येने अपुऱ्या राहतात. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलेट होय.

फोलेट हिरव्या पालेभाज्यांत असते, तसेच हरभरा, मूग व अन्य कडधान्यांतही विपुल असते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांत कडधान्ये ही उणीव भरून काढू शकतात. बी-१२ ची गोष्ट निराळी आहे. ते धान्य, डाळ वा भाजीत भरवशाचे मिळत नाही; शाकाहारी कुटुंबाला त्यासाठी दूध, दही, ताक यांवरच विसंबावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के जणांमध्ये बी-१२ कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. पैसा असलेल्या घरातही ही तूट असते, हे त्यावरून स्पष्ट होते.

आजोबांच्या मुंग्या आणि थकवा यांमागे हीच तूट असू शकते. तेथे महागडी पूड निरुपयोगी ठरते आणि दवडलेला काळ मज्जातंतूंना महागात पडतो. केवळ फोलिक आम्लाची गोळी घेतल्यास रक्ताचा अहवाल सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. गरोदर सुनेच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी; मातेतील तूट स्तनपान करणाऱ्या बाळापर्यंत पोहोचते आणि त्याची वाढ खुंटते. साधी रक्ततपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली बी-१२ ची गोळी यांवर हा प्रश्न बहुधा सुटतो. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीवांच्या साह्याने तयार केले जाते. कॅप्सूलचे आवरण मात्र जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असू शकते. म्हणून साधी गोळी मागून घ्यावी.

हीच चौकशी न्यूक्लिक आम्लांच्या पुडीबाबतही करावी. त्यातील आरएनए बहुधा यीस्टपासून मिळवतात, तर डीएनए काही उत्पादनांत सामन माशाच्या शुक्रद्रव्यापासून काढलेला असतो. डब्यावरील हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण, हे न पाहता अशी वस्तू घरात आणणे श्रावकाला शोभणारे नाही.

एक खर्च मात्र विनाकारण छाटला जातो. यूरिक आम्ल वाढल्याचा अहवाल हाती येताच पुष्कळ घरांत डाळ बंद होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षे लक्ष ठेवले गेले. मांस व मासे अधिक खाणाऱ्यांत संधिवाताचा गाउट हा प्रकार वाढला. प्यूरीनयुक्त भाज्या व डाळी खाणाऱ्यांत तो वाढला नाही. कमी स्निग्धांशाचे दूध-दही घेणाऱ्यांत तर धोका कमी आढळला. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून वृद्धांच्या ताटातील वरण काढून घेऊ नये. शाकाहारी घरात प्रथिनांचा मोठा आधार तेच असते.

वर्षातून एकदा दुकानाचा ताळेबंद मांडला जातो. त्याच सुमारास घरातील वडीलधाऱ्यांची आणि गरोदर स्त्रियांची बी-१२ तपासणी करून घेतली, तर खरी तूट वेळीच हाती लागेल.