दोन विजय, चौदा पराभव

मला खेळातलं फारसं काही कळत नाही, हे आधीच कबूल करते. शाळेत क्रीडास्पर्धा असल्या की माझ्याकडे नेहमी सरबताचं आणि प्रमाणपत्रं लिहिण्याचं काम असायचं (अक्षर बरं होतं म्हणून). त्यामुळे आज मी अमेरिकन फुटबॉलच्या एका कोचविषयी लिहिणार आहे हे पाहून घरची मंडळी हसतील. हसू देत.

झालं असं, की २०२३ च्या हिवाळ्यात लेकीकडे फ्रीमाँटला गेले होते. कॅलिफोर्नियातल्या या गावात आता आपली इतकी माणसं आहेत की भाजी आणायला गेलं तरी मराठी कानावर पडतं. रविवार उजाडला की जावईबापू आणि नातू लाल शर्ट चढवून टीव्हीसमोर ठाण मांडत. त्यांचा संघ सॅन फ्रान्सिस्कोचा, नाव फोर्टीनाइनर्स. १८४९ साली सोन्याच्या शोधात तिकडे माणसांची झुंबड उडाली, त्यांच्यावरून पडलेलं नाव. मी इतिहास शिकवलेला, त्यामुळे खेळ कळला नाही तरी एवढं लगेच लक्षात राहिलं.

एकदा संध्याकाळी फिरताना वॉशिंग्टन हायस्कूलवरून जात होतो. नातू म्हणाला, "आजी, बिल वॉल्श पहिल्यांदा इथे कोच होता." कोण बिल वॉल्श? तर सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला पहिल्यांदा सुपर बोल, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, मिळवून देणारा माणूस. १९५७ ते १९५९ ही तीन वर्षं या साध्या गावातल्या शाळेत त्याने पोरांना खेळ शिकवला. 'शाळेत' हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. नातवाने सांगितलं ते ऐकलं, मग मिळेल ते वाचलं. आता मी त्यांना वॉल्शसरच म्हणते.

सरांची कहाणी सरळ नाही. सिनसिनाटीच्या संघात पॉल ब्राउन नावाच्या मोठ्या कोचच्या हाताखाली त्यांनी आठ वर्षं काम केलं. ब्राउन यांनी १९७६ साली जागा सोडली तेव्हा आपली वर्णी लागेल असं सरांना वाटत होतं. लागली नाही. ते सारं मनाला लावून घेऊन तिथून बाहेर पडले. व्यावसायिक संघाचं मुख्य कोचपद हाती आलं ते १९७९ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. आणि संघ कुठला, तर १९७८ साली सोळापैकी चौदा सामने हरलेला सॅन फ्रान्सिस्कोचा. १९७६ ते १९७८ या तीन वर्षांत त्या संघाने चार कोच बदलले होते! आमच्याकडे एखाद्या तुकडीला वर्षात दोन-तीन वर्गशिक्षक मिळाले की त्या वर्गाचं जे होतं, तेच त्यांचं झालं होतं.

तिथे नवे खेळाडू निवडताना सगळ्यात मागे पडलेल्या संघाला पहिला मान देतात. मला ही पद्धत फार आवडली. पण सरांच्या नशिबात तेही नव्हतं. ओ. जे. सिम्प्सन या नामांकित, पण उतरणीला लागलेल्या खेळाडूच्या बदल्यात त्यांच्या आधीच्या कारभाऱ्यांनी ती पहिली निवड दुसऱ्या संघाला देऊन टाकली होती.

पहिल्या वर्षाचा निकाल काय लागला असेल? दोन विजय, चौदा पराभव. म्हणजे आदल्या वर्षी जेवढे, तेवढेच!

मंडळी, मला जे सांगायचं आहे ते या आकड्याबद्दल आहे. १९७८ चे दोन-चौदा आणि १९७९ चे दोन-चौदा कागदावर अगदी सारखे दिसतात. पण आत काय चाललं होतं? सरांनी कामाचा एक दर्जा ठरवून दिला होता, आणि तो फक्त खेळाडूंसाठी नव्हता. कचेरीत फोन घेणाऱ्या मुलीने कसं बोलावं इथपासून सगळं ठरलेलं. सरावाच्या वेळी शर्ट आत खोचलेला हवा, मैदानावर कुणी बसायचं नाही. चेंडू फेकणाऱ्याने किती पावलं मागे जायचं आणि ठरल्या ठिकाणी दुसऱ्याने केव्हा वळायचं, हे इंचाइंचाने बसवलेलं. सामन्याचे सुरुवातीचे डाव तर ते आधीच कागदावर लिहून आणत. हे वाचलं आणि मला हसूच आलं. हे आमचं पाठटाचण! आम्ही ते तपासणीपुरतं लिहायचो, सर ते वापरत होते एवढाच फरक.

आणि फळ अगदीच दिसत नव्हतं असंही नाही. त्याच चौदा पराभवांच्या वर्षी स्टीव्ह डीबर्ग या त्यांच्या खेळाडूने ३४७ पास पूर्ण केले. एका हंगामातला तो तेव्हाचा विक्रम होता. त्याच वर्षी निवडीत ८१ जणांची नावं पुकारून झाल्यावर सरांनी जो मोंटाना नावाचा मुलगा घेतला आणि लगेच मैदानात न ढकलता हळूहळू तयार केला. पुढे तो या खेळातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक झाला. पण १९७९ चं प्रगतिपुस्तक उघडलं तर त्यात यातलं काहीच नाही. तिथे फक्त दोन आणि चौदा.

दुसऱ्या वर्षी, १९८० साली, पहिले तिन्ही सामने जिंकले. वाटलं, आलं जमून. मग ओळीने आठ हरले. आठवा पराभव मायामीत, १७-१३ असा, अगदी हातातोंडाशी आलेला घास गेल्यासारखा. परतीच्या विमानात सर पुढच्या जागेवर बसून रडत होते. मागच्या खेळाडूंना ते दिसू नये म्हणून त्यांचे सहकारी भोवती उभे राहून उगाच गप्पा मारल्यासारखं करत राहिले. सरांच्या मनात नोकरी सोडायचं आलं होतं. मुंबईच्या विमानात बसल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तेच चित्र येत होतं. मोठी माणसं रडतात, आणि शहाणी माणसं त्यांच्यासमोर आडोसा होऊन उभी राहतात.

ते सोडून गेले नाहीत आणि मालक एडी डीबार्टोलो यांनी काढलंही नाही. त्या वर्षी एकूण सहा सामने जिंकले. तिसऱ्या वर्षी तेरा! आणि २४ जानेवारी १९८२ ला सुपर बोल, २६-२१. समोर कोण होतं माहितीये? ज्यांनी त्यांना डावललं होतं तेच सिनसिनाटीवाले. गोष्ट म्हणून कुणी लिहिली असती तर मी लाल शाईने 'ओढूनताणून' असा शेरा मारला असता.

आता हे मी इतक्या तावातावाने का लिहिते आहे? कारण माझ्या हातून एकदा बरोबर उलटं घडलेलं आहे.

१९९२ च्या सुमारास मी एका शाळेत पर्यवेक्षिका होते. नववीला इंग्रजीसाठी एक तरुण सर आले, तात्पुरत्या नेमणुकीवर. आमची पद्धत ठरलेली होती : दहा निबंध फळ्यावर लिहून द्यायचे, पोरांनी पाठ करायचे, त्यातला एक परीक्षेत येतोच. सरांनी ते बंद केलं. रोज पाच वाक्यं, ज्याची त्याने आपल्या मनाने लिहायची, चुकली तरी चालतील. वह्यांवर लाल खुणांचा पाऊस. वार्षिक परीक्षेत वर्गाचा निकाल घसरला. पालक आले, तक्रारी झाल्या. सरांना पुढच्या वर्षी घेऊ नये अशा टिपणावर चार सह्या झाल्या. त्यातली एक माझी.

तीच मुलं दहावीला गेली. पूर्वपरीक्षेचे पेपर चाळताना मी थबकले. विषय अनोळखी आला होता, आणि पोरांनी लिहिलं होतं. मोडकंतोडकं, पण स्वतःचं. बोर्डाचा निकाल चांगला लागला. सत्कार नव्या बाईंचा झाला. मी टाळ्या वाजवल्या आणि गप्प बसले. त्या सरांना एक पोस्टकार्ड टाकायला हवं होतं. टाकलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हरणारा प्रत्येक कोच काही वॉल्श नसतो. खरं आहे, आणि त्याचा दाखला याच संघात आहे. २०१६ साली चिप केली नावाचा कोच आला, त्याचाही निकाल दोन-चौदाच लागला, आणि एका वर्षात त्याला घरी पाठवलं. त्याच्या आदल्या वर्षीच्या कोचलाही एकाच वर्षात. ते बरोबर होतं की चूक, हे मी कोण सांगणार! पण त्यानंतर २०१७ मध्ये काइल शॅनाहन आले, तेव्हा संघाने त्यांच्याशी सहा वर्षांचा करार केला. पहिले नऊ सामने ते हरले. पहिल्या वर्षी सहा विजय, दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी तेरा, आणि थेट सुपर बोलपर्यंत मजल (तो मात्र हरले). म्हणजे वॉल्शसरांच्या संघाला हा धडा दुसऱ्यांदा गिरवावा लागला.

माझं मत एवढंच, की वेळ द्यायचा म्हणजे डोळे मिटून वाट बघायची असं नाही. उलट अशा वेळी जास्त जवळून बघावं लागतं. वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसावं लागतं. सरावात शर्ट खोचलेले आहेत का, वहीत वाक्यं कुणाची आहेत, पाठटाचण वापरतात की नुसतं लिहितात, हे निकालाच्या तक्त्यात कधी दिसत नाही. तक्ता टेबलावर बसून वाचता येतो, म्हणून आपल्याला तो आवडतो. त्या वर्षी मी त्या सरांच्या वर्गात एकदाही जाऊन बसले नव्हते. माझी चूक सही करण्यात नंतर झाली, आधी ती इथे झाली.

वॉल्शसर २००७ साली गेले. मी निवृत्त झाले तेच वर्ष. निरोपसमारंभात माझ्या कारकिर्दीतल्या निकालांची टक्केवारी वाचून दाखवली होती. तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटतं, त्यात एक वर्ष दुसऱ्या कुणाच्या नावावर जायला हवं होतं.

असो. नातवाचा फोन येईल, "आजी, तू फुटबॉलवर लिहिलंस!" म्हणून. त्याला सांगेन, नाही रे बाळा, शाळेवरच लिहिलं.