सूर्याचा वारा आणि प्रवेशाची अट

चांद्रयान-३ चंद्रावर उतरले ती २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. तेव्हापासून पालकांच्या नेहमीच्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्तीनंतरही लोक विचारायला येतात. पूर्वी विचारत, ‘इंजिनिअरिंग की मेडिकल?’ आता विचारतात, ‘सर, मुलगी म्हणते अंतराळाचं करायचंय. कुठं घालू तिला?’

या ‘अंतराळाच्या’मध्ये निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबलेल्या असतात. तारे, दीर्घिका, कृष्णविवरे यांचा अभ्यास म्हणजे खगोलशास्त्र. रॉकेट आणि उपग्रह बांधणे म्हणजे अभियांत्रिकी. या दोहोंच्या मधली जी जागा आहे, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधली ‘पोकळी’, तिचा अभ्यास म्हणजे अवकाश भौतिकी. ही पोकळी मुळीच पोकळ नाही. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा वारा सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने अखंड वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते, वळवते, आणि कधी कधी त्याच्यापुढे हार खाते. तशी हार झाली की चुंबकीय वादळ होते.

वादळ म्हटले तरी पाने हलत नाहीत, छपरे उडत नाहीत. मग आपल्याला त्याचे काय, असे वाटणे साहजिक आहे. पण १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले वीजजाळे दीड मिनिटात कोसळले आणि साठ लाख माणसे सुमारे नऊ तास विजेवाचून राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका अमेरिकन कंपनीने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ उपग्रह एका साध्याशा वादळात गेले. वातावरणाचा वरचा थर तापून फुगला, उपग्रहांना त्याचा अडथळा झाला आणि ते खाली येऊन जळून गेले. मे २०२४ मधले वादळ तर दोन दशकांतले सर्वांत मोठे होते. त्या रात्री लडाखमधल्या हानले येथून आकाशात तांबूस प्रकाश दिसला. मोबाइलवरचा नकाशा, विमानाचा मार्ग, शेतकऱ्याला मिळणारा हवामानाचा अंदाज, हे सगळे ज्या उपग्रहांच्या जिवावर चालते, त्यांचे ऊनपावसाचे शास्त्र ते हेच.

या शास्त्राशी महाराष्ट्राचे नाते फार जुने आहे आणि ते आपल्यालाच फारसे ठाऊक नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावर एक लखलखाट पाहिला. त्यानंतर अठरा तासांच्या आतच पृथ्वीवर इतिहासातले सर्वांत गाजलेले चुंबकीय वादळ आले. ते किती मोठे होते याचा आकडा जगाला मिळाला तो मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या नोंदींतून. त्या दिवशी तेथील चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले होते. या नोंदींचा नव्याने अभ्यास करून २००३ साली जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना होते. पुढे मुंबईत ट्रामगाड्या विजेवर चालवायचे ठरले. त्या विजेमुळे कुलाब्याचे वेध बिघडणार हे ओळखून नानाभॉय मूस यांनी चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली. तेथे आजही नोंदी चालू आहेत. अलिबागला समुद्र आणि किल्ला पाहून परतणाऱ्या सहलींतली किती मुले या वेधशाळेच्या दारावरून जातात, हा एक वेगळाच विषय आहे.

असो. मुद्दा प्रवेशाचा.

भारतात केवळ ‘अवकाश भौतिकी’ या नावाने एमएस्सी शोधू गेलात तर हाती फार काही लागत नाही. रूढ वाट अशी की भौतिकशास्त्रात एमएस्सी करावी आणि मग संशोधनासाठी अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, नवी पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था, तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रातली अवकाश भौतिकी प्रयोगशाळा अशा ठिकाणी जावे. म्हणजे आपल्याकडचा खरा दरवाजा हा भौतिकशास्त्राच्या एमएस्सीचा. त्याची किल्ली म्हणजे एक परीक्षा. आयआयटीसाठी ‘जॅम’, केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासूनची ‘सीयूईटी’, काही संशोधन संस्थांसाठी ‘जेस्ट’. ‘जॅम’चे उदाहरण घ्या. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. गणिती पद्धती, यामिकी, प्रकाश, विद्युत व चुंबकत्व, उष्णता, आधुनिक भौतिकी आणि थोडे इलेक्ट्रॉनिक्स. प्रयोगशाळेत हात किती चालतो, हे कोणी विचारत नाही.

युरोपात दरवाजा वेगळा आहे. स्वीडनचे उदाहरण देतो, कारण अवकाश भौतिकीत त्या देशाचा अधिकार मोठा. प्लाझ्मा भौतिकीचा पाया घालणारे हान्नेस आल्फवेन हे तिथलेच, १९७० चे नोबेल मानकरी. उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे असलेल्या किरुना या गावात त्यांची अवकाश भौतिकी संस्था आहे. २००८ मध्ये आपले चांद्रयान-१ गेले तेव्हा त्यावरचे ‘सारा’ हे उपकरण या किरुनाच्या संस्थेने आणि तिरुअनंतपुरमच्या प्रयोगशाळेने मिळून केले होते. चंद्राच्या पृष्ठभागावर आदळणाऱ्या सौरवाऱ्याचा बराच भाग हायड्रोजनचे अणू होऊन परत फिरतो, असे त्यातून दिसले. हे सांगण्याचे कारण एवढेच, की किरुना आपल्याला वाटते तितके परके नाही.

अशा ठिकाणच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेशाची अट चार-पाच ओळींत मावते. भौतिकशास्त्रातील किंवा अभियांत्रिकीच्या योग्य शाखेतील पदवी. गणिताचे अमुक श्रेयांक, भौतिकशास्त्राचे तमुक. त्यांत विद्युतचुंबकत्व हवे, बहुधा थोडे संगणक प्रोग्रामिंगही. इंग्रजीसाठी सामान्यतः आयईएलटीएसचे ६.५ गुण. प्रवेश परीक्षा नाही, मुलाखतही बहुधा नाही. वाचून पालकांचा चेहरा खुलतो, ‘म्हणजे सोपं आहे की!’

सोपे नाही. या ओळींतला ‘श्रेयांक’ हा शब्द पाहा. तिकडे एका वर्षाच्या अभ्यासाचे ६० श्रेयांक धरतात, तीन वर्षांच्या पदवीचे १८०. अर्ज तपासणारा माणूस तुमचे टक्के पाहण्याआधी तुमच्या विषयांची मोजदाद करतो. गणित किती महिने शिकलात? सदिश कलनशास्त्र झाले का? मॅक्सवेलची समीकरणे केवळ नावापुरती की त्यांतून लाटेचे समीकरण काढण्यापर्यंत? आणि आपल्या गुणपत्रिकेवर पुष्कळदा छापलेले असते फक्त ‘पेपर पाच’ आणि त्यापुढे ६७. त्यातून त्या बिचाऱ्याला काय कळणार? मग तो अभ्यासक्रमाची प्रत मागतो.

इथे मला एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली पाहिजे. मुलगा हुशार, शेतकऱ्याचा, वर्गात पहिला. परदेशी अर्जासाठी त्याला तीन वर्षांचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह हवा होता. विद्यापीठाचे नाव घेत नाही. एका खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवले, दुसरीने सांगितले की जुना अभ्यासक्रम बदलल्यामुळे आता उपलब्ध नाही. शेवटी माझ्या कपाटातली पिवळी पडलेली पुस्तिका कामी आली, पण तिच्यावर शिक्का मिळेपर्यंत जानेवारीतली मुदत टळून गेली होती. त्या मुलाला गुण कमी पडले नव्हते. त्याच्याजवळ कमी होते ते एक कागद.

मग यातली न्याय्य पद्धत कोणती? माझे मत असे की ‘जॅम’सारख्या परीक्षेचा एक मोठा गुण आहे. ती तुमचे महाविद्यालय विचारत नाही. बार्शीचा मुलगा आणि दिल्लीचा मुलगा एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. पण दिल्लीच्या मुलाने वर्षभर शिकवणीवर्गात तसलेच प्रश्न सोडवलेले असतात, आणि बार्शीच्या मुलाला परीक्षेचे नावच तिसऱ्या वर्षी कळते. युरोपची पद्धत शिकवणीवर्गाला फारसे काम ठेवत नाही, पण तुम्ही कुठल्या महाविद्यालयात काय शिकलात यावर सगळे बांधून ठेवते, आणि ते तर विद्यार्थ्याच्या हातात नसते. दोन्हींचा भार शेवटी एकाच जागी येऊन पडतो, बीएस्सीच्या वर्गावर.

आणि खरे सांगायचे तर त्याच्याही आधी, अकरावीच्या प्रवेश अर्जावर. अवकाश भौतिकीचे दार बंद करणारा सर्वांत सामान्य निर्णय सोळाव्या वर्षी घेतला जातो आणि तो घेताना घरात कोणाला त्याची कल्पनाही नसते. ‘नीट’ द्यायची म्हणून गणित सोडून जीवशास्त्र घेतले. वैद्यकीयला नंबर लागला नाही म्हणून बीएस्सीला आली. तिसऱ्या वर्षी आदित्य-एल१ ची बातमी वाचून मनात अवकाश आले. अशा मुली मी पाहिल्या आहेत, हुशार आणि कष्टाळू. दोन वर्षांचे गणित मागाहून भरून काढणे अशक्य नाही, पण त्याची किंमत जबर असते. तेव्हा पालकांना माझे सांगणे असते की जीवशास्त्र खुशाल घ्या, गणित मात्र सोडू नका.

नव्या शैक्षणिक धोरणाने या बाबतीत काही सोयी केल्या आहेत. २०२० च्या या धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेणाऱ्याला दोन वर्षांची एमएस्सी आणि चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्याला एका वर्षाची एमएस्सी करता येते. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घ्यावा लागतो. भौतिकशास्त्र मुख्य घेणाऱ्याने दुय्यम म्हणून गणित घेतले, तर स्वीडनच्या त्या मोजदादीत त्याचे पारडे आपोआप जड होते. सोप्या गुणांसाठी दुसरे काही घेण्याचा मोह मोठा असतो; तो आवरावा. चौथ्या वर्षाचाही उपयोग आहे. अमेरिकेतली अनेक विद्यापीठे तीन वर्षांच्या पदवीवर समाधान मानत नाहीत. मात्र ते चौथे वर्ष शिकवायला लहान गावांत पुरेसे प्राध्यापक आहेत का, हे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना विचारा.

पैशांचा विषय टाळून चालणार नाही. स्वीडनमध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०११ पासून शुल्क पडते, फिनलंडमध्ये २०१७ पासून, आणि बराच काळ फुकट शिकवणाऱ्या नॉर्वेनेही २०२३ मध्ये ते सुरू केले. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात ठेवून दाखवावे लागतात. शिवाय भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखलाही लागतो. अकरा-बारा लाख रुपये एका हाती दाखवणे हे किती घरांना जमते? शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांच्या मुदती प्रवेशाच्या मुदतीइतक्याच, कधी त्याहूनही लवकर संपतात.

नोकरीबद्दलही खोटी आशा दाखवू नये. इस्रोत भरती होणाऱ्यांत अभियंत्यांची संख्या फार मोठी आहे, भौतिकशास्त्रज्ञांच्या जागा मोजक्या. या वाटेने जाणाऱ्याला पीएच.डी. धरून सात-आठ वर्षे काढायची तयारी लागते. पण हेही सांगितले पाहिजे की याच अभ्यासात विद्यार्थी प्रचंड आकडेवारी हाताळायला शिकतो, आणि ती विद्या दुसरीकडेही चालते.

जमेची बाजू अशी की या विषयाची तयारी घरबसल्या करण्याची सोय आमच्या काळी नव्हती तेवढी आज आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेले आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या जागी पोहोचले. त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली आहे. त्याची निरीक्षणे इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावरून कोणालाही नोंदणी करून विनामूल्य घेता येतात. तालुक्यातल्या मुलीने साधा संगणक आणि पायथन ही भाषा हाताशी घेऊन मे २०२४ च्या वादळाचा एखादा आलेख स्वतः काढला, तर अर्जासोबतच्या पत्रात तिला लिहायला खरे काही मिळते. ‘मला लहानपणापासून ताऱ्यांचे वेड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते.

विद्यापीठांनी करण्याजोगे एक काम फार खर्चाचे नाही. प्रत्येक वर्षाचा अभ्यासक्रम, जुना असो वा नवा, तासांच्या संख्येसह आणि अधिकृत शिक्क्यासह संकेतस्थळावर कायम ठेवावा. गुणपत्रिकेवर ‘पेपर पाच’ऐवजी ‘विद्युतगतिकी’ छापावे. स्वीडनची मुदत साधारणपणे जानेवारीच्या मध्यात संपते. शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला अर्जासाठी झालेल्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी कधी पूर्ण होईल याचे विद्यापीठाचे पत्र लागते. पाचव्या सत्राचा निकाल तोपर्यंत लावायचा, तर परीक्षा नोव्हेंबरात संपून उत्तरपत्रिका डिसेंबरात तपासून व्हायला हव्यात.