जुनी फोर बाय फोर पिकअप घेताय? आधी पुढचा एक्सल बघा



जुनी फोर बाय फोर घ्यायची म्हणलं की आपण इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, कागद बघतो. पुढच्या चाकांखाली वाकून बघणारा एखादाच. माझं मत सरळ आहे: गाडी जास्त करून काळ्या रानात आणि पांदणीत चालणार असेल, तर पुढं अखंड एक्सलच असावा. का, ते सांगतो.

अखंड एक्सल म्हणजे एकच लोखंडी हौसिंग, आत डिफरेन्शियल, दोन्ही टोकांना चाकं आणि वर बहुतेक पाटे. एक चाक दगडावर चढलं की अख्खा एक्सल तिरपा होतो. जुन्या महिंद्रा जीपा, जिप्सी या जातीच्या. दुसरा प्रकार सुट्या सस्पेन्शनचा, गॅरेजवाले त्याला आयएफएस म्हणतात. त्यात डिफरेन्शियल चेसीला बांधलेलं आणि प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वरखाली होतं. टाटा झेनॉन, स्कॉर्पिओ गेटवे, इसुझू व्ही-क्रॉस ही त्यातली. नावावर मात्र जाऊ नका. जुन्या थारमध्ये डीआयला पुढं पाटे होते आणि सीआरडीईला टॉर्शन बार. नाव एक, एक्सल दोन. गाडीखाली झोपून बघा.

आता रानातलं गणित.

पहिली गोष्ट, पऱ्हाटी. कापूस काढलेल्या रानात खुंट उभे असतात, तुरीचेही तसेच. आयएफएसमध्ये चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटवर रबरी बूट असतो. तो खुंटानं फाटला की ग्रीस बाहेर, माती आत. मग पूर्ण वळण घेताना कट-कट आवाज येतो आणि जॉइंट बदलावा लागतो. अखंड एक्सलमध्ये शाफ्ट हौसिंगच्या आत झाकलेला असतो.

दुसरी, खालची जागा. अखंड एक्सलमध्ये डिफरेन्शियल आणि जमीन यातलं अंतर टायरच्या उंचीवर ठरतं. गाडी दबली तरी ते तेवढंच राहतं. आयएफएसमध्ये गाडीचं नाक खड्ड्यात दबलं की डिफरेन्शियलही खाली येतं. पण खोल चाकोरीत अखंड एक्सलचा गोळा मधली माती नांगरासारखी ओढतो, हेही खरं.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, दुरुस्ती. पाट्याचं पान, बुश, किंगपिनचं बेअरिंग ही कामं गावाकडचा मिस्त्रीही करतो. टो-इन टेप लावून जुळवता येतं. आयएफएसला चार बॉल जॉइंट, आर्मचे बुश आणि नंतर अलाइनमेंटचं मशीन. माल बाजारात न्यायच्या दिवशी गाडी तालुक्याच्या गॅरेजात उभी राहिली, तर तोटा फक्त दुरुस्तीच्या बिलाचा नसतो.

ऑस्ट्रेलियात शेतांवर आणि खाणींत चालणारी टोयोटा लँड क्रूझर ७० पिकअप आजही पुढं अखंड एक्सलवरच आहे. ते उगीच नाही.

"आयएफएसमुळं द्राक्ष-टोमॅटोला धक्के कमी बसतात" असं विकणारा सांगतो. माल मागं असतो, आणि मागं दोन्हीकडं बहुधा पाटेच असतात. आराम मिळतो तो चालवणाऱ्याला. मात्र रोज पन्नास-साठ किलोमीटर डांबरी रस्ता असेल, तर आयएफएस घ्या. स्टेअरिंग हलकं राहतं, वेगात गाडी सरळ चालते.

सौदा करताना एवढं तपासा:

– पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा: ढिलं असेल तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट गेलेला. डाव्या-उजव्या बाजूनं धरून ढिलं लागलं तर टायरॉड.
– अखंड एक्सलवाली गाडी वेगात घेऊन बघा. स्टेअरिंग थरथरत असेल तर नुसत्या व्हील बॅलन्सवर समाधान मानू नका.
– चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेल ओघळलंय? एक्सलचं सील गेलं.
– टॉर्शन बारवाली गाडी पुढून जास्तच उंच दिसते? बोल्ट आवळून नाक उचललेलं असू शकतं. त्यानं शाफ्टचा कोन वाढतो आणि जॉइंट लवकर जातात.
– भंगारातला एक्सल बसवलेला असेल तर पुढचा-मागचा रेशो विचारा. एकीकडं ४१/१० आणि दुसरीकडं ४३/८ असेल, तर फोर बाय फोर टाकल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांना ओढतात आणि गिअर तुटायची वेळ येते.

शेवटचं. आयएफएसची गाडी घेऊन तिला अखंड एक्सल बसवायचा विचार करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनानं बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा उकरला जाईल. आयएफएस दारात असेल तर बूट, बॉल जॉइंट, बुश नवे टाका आणि खुंटाच्या रानात जपून घाला. एक्सल घ्यायच्या दिवशी निवडायचा, नंतर नाही.