खचदरीचें निदान

पूर्व आफ्रिकेंतील प्रचंड खचदरी भूमि दाबल्यानें झाली, कीं ताणल्यानें? ब्रिटिश शास्त्रज्ञ बुलार्ड यांनीं लंबकानें तेथील गुरुत्वाकर्षण मोजलें. तें कमी भरलें. म्हणजे दरीखालचा खडक हलका. तरीहि तो वर उचलला जात नाहीं, तेव्हां दोन्ही कडांनीं त्यास दाबून धरलें असावें, असें अनुमान त्यांनीं १९३६ सालीं मांडलें.

पुढें १९९० सालीं केनियांतील सरोवरांत सुरुंग उडवून, त्यांचे कंप दूरवर किती वेळांत पोंचतात यावरून भूकवचाची जाडी काढण्यांत आली. दक्षिणेस सुमारें ३५ किलोमीटर असलेली ही जाडी उत्तरेस तुर्काना सरोवराखालीं अवघी २० भरली! इतकें पातळ कवच ताणाचीच साक्ष देतें.

बुलार्ड यांचें माप खोटें नव्हतें. परंतु एकट्या नाडीवरून रोग ठरवूं नये, हा सुज्ञ वैद्याचा नियम भूगर्भासहि लागू आहे, असें आम्हांस वाटतें.