डासांचे 'सात्म्य' : एक गैरसमज

पावसाळा सुरू झाला की चिकित्सालयात एक तक्रार हमखास ऐकू येते : "डॉक्टर, डासांना आता कॉइलची सवय झाली आहे." आपल्यापैकी अनेक वैद्य याचे स्पष्टीकरण 'सात्म्य' या संकल्पनेने देतात. मीही कित्येक वर्षे तेच देत असे. परंतु ते चुकीचे आहे, आणि ती चूक आपल्या सल्ल्यातही उतरते.

सात्म्य एकाच शरीराला येते. अल्प मात्रेने सतत सेवन केलेले द्रव्य त्या शरीराला मानवू लागते. डासांत असे घडत नाही. असंख्य डासांपैकी मोजक्यांच्या चेतातंतूंतील सोडियम-मार्गिका जन्मतःच किंचित वेगळी असते, तर काहींत विषाचे विघटन करणारी विकरे अधिक असतात. फवारणीने इतर मरतात, हे उरतात आणि त्यांचीच संतती वाढते. बदल बीजात असतो, सवयीत नव्हे. आणि त्या बीजाची निवड आपणच करीत असतो.

याचा अनुभव देशाने घेतला आहे. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाकाठी सुमारे ७.५ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीमुळे १९६५ पर्यंत ही संख्या सुमारे १ लाखावर आली. मात्र १९५९ मध्येच, तत्कालीन मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात, ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस हा डास डीडीटीला दाद देईनासा झाल्याचे आढळले होते. १९७६ साली रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. यंत्रणेतील शैथिल्य हेही त्याचे कारण होते. पण प्रतिकारक्षम डासांचा वाटा नाकारता येणार नाही.

'वनस्पतिज असेल तर ही अडचण येत नाही,' असे आपण ग्राहकास सांगतो. तेही तपासून पाहावे. कॉइल व द्रवयंत्रांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम फुलांतील विषाच्या धर्तीवरच बनविली आहेत. डीडीटीप्रमाणे त्यांचाही आघात सोडियम-मार्गिकेवरच होतो. म्हणून एकाला पुरून उरलेला डास पुष्कळदा दुसऱ्यालाही पुरून उरतो. मूळ फुलात आहे एवढ्याने निवड थांबत नाही.

मग करावे काय? आपल्या शास्त्राने निदानपरिवर्जन सांगितले आहे. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून आतून घासावीत, कारण एडीस डासाची अंडी कोरड्या भांड्यालाही चिकटून टिकतात. टाक्या झाकाव्यात, विहिरी व हौदांत गप्पी मासे सोडावेत, मच्छरदाणी वापरावी. पाण्याविना अळी जगेल असा बदल कोणत्याही बीजात संभवत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे : ग्राहकाने अधिक 'कडक' कॉइल मागितली, तर ती देण्यापूर्वी घरात पाणी कोठे साचते, एवढे अवश्य विचारावे. त्याने विक्री कदाचित थोडी घटेल. पण धूपन, तेल वा कॉइल, जे काही आपण देऊ, ते अधिक काळ उपयोगी पडेल.