शंभर वर्षांचा पूर

नदीकाठच्या गावांत पूररेषा आखल्या की दोन रेषांची चर्चा सुरू होते. निळी रेषा म्हणजे ढोबळ मानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्यावरून पुष्कळांची समजूत होते, की एकदा महापूर येऊन गेला म्हणजे पुढची शंभर वर्षे निर्धास्त. कोल्हापूर-सांगलीकडे ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला आणि जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा घरांत शिरले. नदी काही खतावणी ठेवीत नाही!

'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ एवढाच, की दर वर्षी तशा पुराची शक्यता शंभरात एक. एक साल कोरडे जाण्याची शक्यता शंभरात ९९. दोन साले कोरडी जाण्याची, त्या ९९ टक्क्यांचे ९९ टक्के. असेच गुणत जा. तीस वर्षांत एकदा तरी पाणी चढण्याची शक्यता शंभरात २६ निघते, शंभर वर्षांत ६३. पाचशे वर्षांत सुटका होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी.

मग काळ अनंत धरला तर? अनंत हा कुठला भला मोठा आकडा नव्हे. तुम्ही जो आकडा सांगाल त्याच्याही पुढे जाते ते अनंत. सुटकेची शक्यता लाखात एक उरली, तरी आणखी वर्षे धरली की ती त्याहून खाली जाते. अमुक वर्षापर्यंत पूर येईलच, असे कधीही छातीठोक सांगता येत नाही. पण 'कधीच येणार नाही' याची शक्यता मात्र शून्य.

"मग कशाला आटापिटा? व्हायचे ते होणारच!" असे कोणी म्हणेल. थांबा. धोका दर वर्षी तेवढाच राहिला तरच हे खरे. समजा, यंदा धोका चारात एक आहे. जोते उंच केले, पुढच्या वर्षी धोका निम्मा झाला. त्यापुढच्या वर्षी आणखी निम्मा. आता ताटात चतकोर भाकरी वाढा, मग तिच्या निम्मी, मग तिच्याही निम्मी. जन्मभर वाढत राहिलात तरी ताटात अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त जमायची नाही. धोक्यांची बेरीजही तशीच अर्ध्याच्या आत राहते. म्हणून अनंत काळ लोटला तरी ते घर कधीच न बुडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक. नीट गुणले तर शंभरात सुमारे ५८.

दर वर्षी जोते उंच करणे कोणाच्या खिशाला परवडणार, म्हणा! पण जागा निवडणे एकदाच असते. निळ्या रेषेच्या कडेला घर बांधले, तर तीस वर्षांत एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता शंभरात ७१. लाल रेषेच्या कडेला २६. हे आकडे मागच्या नोंदींवरचे आहेत, आणि पावसाची रीत बदलते आहे, तेव्हा ते वाढूही शकतात. पाया खणण्याआधी आपली जागा कोणत्या रेषेत येते, ते ग्रामपंचायतीत किंवा पाटबंधारे कार्यालयात जाऊन नकाशावर पाहून घ्या.